आवाज कुणाचा?

गॅदरिंग असो, ब्रँचची मॅच असो की नुसतीच मेसमधली फीस्टची रात्र असो, कुणीतरी एक जण घसा फाडून विचारतो, "आवाज कुणाचा?" आणि मग उरलेले दोनशे जण गळ्याच्या शिरा ताणून आपापल्या ब्रँचचं नाव घेतात. आता दोस्तहो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? या प्रश्नाचं उत्तर नेहमी ओरडणाराच देतो. ऐकणाऱ्याला कुणी काहीच विचारत नाही. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक साधं होम थिएटर घ्यायच्या नादात हा प्रश्न माझ्याकडे उलटा फिरून आला. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर चिकलठाण्याला. छत्रपती संभाजीनगरचं तापमान म्हणून पेपरात जो आकडा छापून येतो तो आमच्याच वेधशाळेचा, एवढी आमच्या गावाची कीर्ती. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि मधून जालना रोड. शांतता हा शब्द आमच्याकडे फक्त हॉस्पिटलबाहेरच्या पाटीवर असतो. पप्पा एमआयडीसीतल्याच एका कंपनीत, प्रेस शॉपला. सत्तावीस वर्षं झाली.

घरातला पहिला रंगीत टीव्ही व्हिडिओकॉनचा होता. त्यांचा कारखाना पैठण रोडवर चितेगावला, म्हणून तो टीव्ही 'आपल्याकडचा'. होता अगदी धान्याच्या कोठीएवढा, पण आवाज खणखणीत. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्याच सुमारास आमच्या भिंतीवर चपटा एलईडी टीव्ही आला. चित्र एकदम आरसा. पण चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे टीव्ही आधी भिंतीला सांगणार आणि मग भिंत आपल्याला! व्हॉल्यूम हळूहळू २० वरून ३० वर गेला, ३० वरून ४० वर. शेजारच्या काकू एकदा मम्मीला म्हणाल्या, "आम्ही केबल बंद करावी म्हणतो. तुमच्या टीव्हीवरच आमची सिरियल होते."

मग ठरलं. बोनस आला की होम थिएटर घ्यायचं. बजेट पंधरा हजार, ओढून ताणून सतरा. निवड करणार कोण, तर मी. ई अँड टीसीला असल्यामुळे घरातला मिक्सर बंद पडला तरी सगळे माझ्याकडेच बघतात. धाकट्या भावाची एकच अट होती : "ताई, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं पाहिजे."

सुट्टीचे पहिले दोन दिवस आम्ही भावंडं शहरात दुकानं पालथी घालत हिंडलो. पहिला धडा तिथंच मिळाला. एका छोट्या दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, '१२,००० वॅट पीएमपीओ'. भावाचे डोळे विस्फारले. मी खोकं उघडायला लावलं आणि अडॅप्टर उलटा करून बघितला. त्यावर बारीक अक्षरात होतं १२ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार चौथीतलं पोरगंही करेल : ३६ वॅट. आता जे ३६ वॅट आत घेतं ते सतत १२,००० बाहेर कसं टाकणार? २३० व्होल्टवर १२,००० वॅट ओढायचे तर बावन्न अँपिअर लागतील, म्हणजे दिवाळीच्या दिवशी अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडवायची सोय. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, कुणी कसाही मोजलेला आकडा. बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. आणि तीही दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला ताकद साधारण दहापट लागते. होस्टेलवर ज्यांना नवे स्पीकर घ्यायचेत त्यांनी हे वाक्य कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं.

दुसरा धडा सराउंडचा. आपल्याला आवाजाची दिशा कळते ती कान दोन आहेत म्हणून. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंदाचा, तरी मेंदू तो बरोबर पकडतो. शिवाय डोक्याची सावली पडून पलीकडच्या कानाला तो थोडा बारीकही ऐकू येतो. या एवढ्याशा फरकावर सगळा धंदा उभा आहे. ब्रिटनच्या अॅलन ब्लुमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज १९३१ मध्येच केला होता. डिस्नेने १९४० मध्ये 'फँटेशिया' काढला तेव्हा थिएटरात चहूकडे स्पीकर लावले होते. आणि डॉल्बी डिजिटलचं ५.१ पडद्यावर आलं १९९२ मध्ये, 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर. ५.१ मधले पाच म्हणजे समोर डावा, समोर उजवा, दोघांच्या मधला सेंटर आणि मागचे दोन. 'पॉइंट एक' म्हणजे फक्त १२० हर्ट्झपर्यंतचा ढुमढुमाट सांभाळणारा सबवूफर. इतका खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला फारसं कळत नाही, म्हणून तो सोफ्याच्या कडेला ठेवला तरी चालतं.

सराउंडचं खरं सुख मी मात्र सहावीतच घेतलं होतं, आणि तेही फुकट. शाळेची ट्रिप वेरूळला गेली होती. दहा नंबरचं लेणं, ज्याला सगळे 'सुतार की झोपडी' म्हणतात, तिथं छत कमानदार आणि त्यावर लाकडी वाश्यांसारख्या दगडाच्या फासळ्या कोरलेल्या. गाइडने मध्यभागी उभं राहून एकच स्वर लांबवला. तो थांबला तरी स्वर थांबेना. वरून, मागून, बाजूने, सगळीकडून येतच राहिला. आमची टीचर सुद्धा गप्प झाली. नंतर त्याच गाइडने लेण्याची माहिती सांगितली, तेव्हा मात्र एक वाक्य दुसऱ्यात मिसळून गेलं आणि आम्हाला ओ की ठो कळलं नाही. आवाज घुमणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पप्पांची सुट्टी होती. त्यांना घेऊन जालना रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. काचेची बंद खोली, काळे पडदे, मऊ खुर्च्या. सेल्समनने दिवे घालवले आणि खरंच हेलिकॉप्टर डोक्यावरून नेलं. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. मम्मीने पदर सावरला. पप्पा शांत बसून होते. सेल्समन म्हणाला, "साठ वॅट आरएमएस आहे, काका."

पप्पा म्हणाले, "आठच? मग एवढे पैसे कशाचे घेता?"

आम्ही सगळे हसलो. सेल्समनही हसला. पप्पाही हसले, पण ते आम्ही हसलो म्हणून. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यात बातम्या कशा येतात?" सेल्समनला हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नसावा. त्याने मराठी चॅनेल लावलं. निवेदिका बोलत होती, खाली सबवूफर घुमत होता. पप्पांनी मान थोडी तिरकी केली, खुर्ची पुढे ओढली आणि भावाला हळूच विचारलं, "काय म्हणली ती?"

मी मागच्या खुर्चीत होते. मला ती तिरकी मान दिसली. आणि ती आज पहिल्यांदा दिसत नव्हती. जेवताना, लग्नात, बँकेच्या खिडकीशी, कित्येक वर्षं दिसत होती. मी काही बोलले नाही. "विचार करून सांगतो" म्हणून आम्ही बाहेर पडलो.

रात्री घरी मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप काढलं. पप्पांना म्हटलं, गंमत करूया, आवाज आला की हात वर करा. ५०० हर्ट्झ, हात वर. १००० ला हात वर. २००० ला जरा उशिरा, पण वर. ४००० लावलं. हात मांडीवरच. मी आवाज वाढवला. मांडीवरच. आणखी वाढवला. पप्पा माझ्याकडे बघत होते, कधी सुरू करतेय म्हणून. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाऊ ओरडला, "ताई, बंद कर ना ते! कानात घुसतंय!"

पप्पांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे. म्हणाले, "चालू हाय का?"

मोबाइल म्हणजे काही तपासणीचं यंत्र नव्हे, एवढं मलाही कळतं. पाडव्यानंतर त्यांना घाटीत ईएनटीला नेलं. ऑडिओग्रामचा आलेख हातात आला. दोन्ही कानांच्या रेघा हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ आणि मग चार हजाराला एकदम खड्डा. कारखान्याच्या आवाजाने जाणाऱ्या कानाची ही ठरलेली खूण आहे. कानाच्या आतल्या शंखात केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या सततच्या दणक्याने मरतात. एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आपल्याकडचा कारखान्यांचा नियम सांगतो की आठ तासांना ९० डेसिबल ही हद्द, ९५ असेल तर चारच तास, १०० असेल तर दोन. कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती, त्यात गोंगाटाने येणारं बहिरेपण होतं. म्हणजे आमच्या घरात 'पप्पांचं लक्षच नसतं' या नावाने जे ओळखलं जात होतं, त्याला कायद्याच्या पुस्तकात रीतसर नाव होतं.

येताना रिक्षात मी विचारलं, "कानात घालायचे प्लग मिळत नव्हते का?"

"मिळायचे की. खिशात असायचे."

"मग?"

"प्लग घातला की डाय बोलायलेली कळत नाही, पोरी. डाय झिजली, पत्रा तिरका बसला, की प्रेसचा आवाज बदलतो. हात जायच्या आधी कानाला कळायला पायजे." जरा थांबून म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हीच सगळे हळू बोलायलात."

मी रस्त्याकडे बघत बसले. ज्या कानाने सत्तावीस वर्षं त्यांचे दहाही बोटं शाबूत ठेवली, तोच कान त्या कामात खर्च झाला होता. आणि मी त्या कानासाठी हेलिकॉप्टर शोधत होते.

घरी येऊन वही काढली आणि निवड पहिल्यापासून सुरू केली. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, म्हणजे अ, आ, ओ मध्ये. ते खालच्या फ्रिक्वेन्सीचे, पप्पांना व्यवस्थित ऐकू येतात. म्हणून आवाज आलेला त्यांना कळतो. पण अर्थ असतो व्यंजनांत, आणि स, श, ट, क यांचा बराचसा जीव वरच्या पट्टीत. तो भाग गेला की साठ, काठ, पाठ, ताठ या सगळ्यांचं शेवटी एकच होतं : आठ. शोरूममध्ये पप्पा चुकले नव्हते. त्यांच्या कानापर्यंत 'आठ'च आलं होतं. व्हॉल्यूम वाढवून यावर उपाय होत नाही, कारण त्याबरोबर ढुमढुमही वाढतं आणि खालचा दणदणाट वरचे बारीक आवाज झाकून टाकतो. टीव्ही ४० वर नेऊन आम्ही फक्त शेजारच्या काकूंची सोय करत होतो.

मग लागतं काय? सेंटर. पाचांतला तो मधला, कुणाच्याही खिजगणतीत नसलेला स्पीकर. सिनेमातले संवाद बहुतेक त्याच्यातूनच येतात. आणि साधा स्टिरिओ कार्यक्रम असला तरी डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये जे सारखं आहे, म्हणजे मुख्यतः बोलणं, ते वेगळं काढून सेंटरला द्यायची सोय चांगल्या सेटमध्ये असते. त्या एकट्या सेंटरचा आवाज वाढवता आला आणि सबवूफरचा कमी करता आला, तर काम झालं. गंमत बघा, ज्या सराउंडला आम्ही धुडगुसाची वस्तू समजत होतो, त्याच्याच पोटात साधं बोलणं वेगळं काढून हातात देणारं बटण होतं.

पुन्हा शोरूम. या वेळी मी वॅट विचारले नाहीत. तीन प्रश्न विचारले. खराखुरा सेंटर स्पीकर आहे, की नुसता भास? सेंटरची पातळी वेगळी बदलता येते का? आणि रात्रीचा मोड आहे का, म्हणजे मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारा? सेल्समनने दोन सेटचं मॅन्युअल उघडून बघितलं. पहिल्यात सेंटरची सोय नव्हती. दुसऱ्यात होती. छोटासा ५.१ साउंडबार, सबवूफर वेगळा, मागचे दोन इवलेसे स्पीकर. सोळा हजार दोनशे. घेतला.

आता खोली. दहा बाय बारा, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. टाळी वाजवली की 'टर्रर्र' करून परत येते. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या प्राध्यापकाने १८९५ च्या सुमारास असल्याच एका घुमणाऱ्या लेक्चर हॉलमध्ये रात्री-रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या नेऊन ठेवल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. त्यातून त्याचं सूत्र निघालं : घुमण्याचा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तूंबरोबर घटतो. आमच्याकडे गाद्यांऐवजी आजीच्या गोधड्या होत्या. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, सोफ्यामागच्या भिंतीवर आजीची एक रंगीत गोधडी. मम्मी म्हणाली, "भिंतीला गोधडी? लोकं काय म्हणतील!" आजी म्हणाली, "म्हणू दे. माझी गोधडी हाय." टाळीची 'टर्रर्र' गेली.

साउंडबार टीव्हीखाली, कानाच्या उंचीला. मागचे दोघे सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, कारण कोपऱ्यात ढुमढुम वाढते. सेंटर सहा पायऱ्या वर, सबवूफर चार पायऱ्या खाली. बातम्या लावल्या. पप्पा नेहमीच्या जागी बसले. मी रिमोट घेऊन व्हॉल्यूम ४० वरून खाली आणत गेले. ३०. २५. २०. मान सरळच होती. १८ ला त्यांनी हात वर केला, तसाच, अॅपच्या वेळी करत होते तसा. "बास. इथं राहू दे." त्या रात्री त्यांनी पूर्ण बातमीपत्र ऐकलं आणि मधे कुणालाही "काय म्हणला?" असं विचारलं नाही. भावाला त्याचं हेलिकॉप्टर नंतर मिळालं, बारीक आवाजात.

यंत्राने कान बरा झाला नाही. तो होणार नाही. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगितलंय, त्यावर घरात अजून चर्चासत्र चालू आहे. "म्हातारा दिसेन" हा पप्पांचा मुद्दा, "दिसा" हे मम्मीचं उत्तर. प्लग मात्र आता खिशातून कानात गेलेत. राहिलंय ते तरी राहावं.

होस्टेलवर परत आले त्या रात्री एक गोष्ट उमगली, ती सांगून थांबते. तीन वर्षं पप्पांचा फोन एकाच साच्याचा असायचा. "बरीयेस ना? पैसे पायजेत का? घे, मम्मीशी बोल." अर्धं मिनिट. रूममेट्सचे वडील वीस-वीस मिनिटं बोलायचे आणि मी मनात म्हणायचे, आपल्या पप्पांना आपल्याशी बोलायला आवडत नाही. मुलगा असते तर बोलले असते. दुसऱ्या वर्षी आम्ही परीक्षेत लिहिलं होतं, टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. नव्या नेटवर्कवर तो वाढला असला तरी मोबाइलच्या कर्कश स्पीकरमधून, कॉरिडॉरच्या गोंगाटात, भरभर बोलणाऱ्या मुलीचं पप्पांना काय कळत असेल? मार्क मिळाले होते मला त्या उत्तराला. उपयोग तीन वर्षांनी झाला.

आता मी व्हिडिओ कॉल करते. टेरेसच्या जिन्यात शांत असतं, तिथं ट्यूबलाइट तोंडावर येईल अशी बसते, म्हणजे त्यांना ओठ दिसतात. सावकाश बोलते. परवा आम्ही अकरा मिनिटं बोललो. त्यांनी मला प्रेसची डाय कशी सेट करतात ते सांगितलं, आणि मी त्यांना सबवूफर कोपऱ्यात का ठेवायचा नसतो ते. शेवटी म्हणाले, "तुझा आवाज तुझ्या आत्यासारखा हाय गं. मला माहीतच नव्हतं."

तेव्हा दोस्तहो, रूममध्ये टू पॉइंट वन फुल्ल करताना आणि इअरफोन घालून झोपताना एवढं लक्षात असू द्या : जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास असा आहे, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. आणि पुढच्या गॅदरिंगला कुणी "आवाज कुणाचा?" विचारलंच तर जरूर ओरडा, मीही ओरडणार आहे. फक्त खाली उतरल्यावर घरी एक फोन करा. सावकाश बोला.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी